चित्राखाली नाव लिहिणारा चित्रकार

नोव्हेंबर १९४३. बंगालच्या मिदनापूर जिल्ह्यात, कांथी आणि तामलुकच्या परिसरात, एक अठ्ठावीस वर्षांचा तरुण कागद आणि शाई घेऊन गावोगाव हिंडत होता. बराचसा प्रवास पायी होता. वाटेत भेटणाऱ्या माणसांची तो चित्रे काढी. पण चित्र पुरे झाले म्हणजे त्याचे काम संपत नसे. समोरच्या माणसाचे नाव काय, गाव कोणते, पोटाचा धंदा कोणता, घरातली किती माणसे गेली, जमीन केव्हा आणि कशापायी विकली, याची तो चौकशी करी आणि मिळालेली हकीकत टिपून ठेवी. या तरुणाचे नाव चित्तप्रसाद भट्टाचार्य. त्यातले 'भट्टाचार्य' हे आडनाव त्याने केव्हाच टाकून दिले होते. ब्राह्मण्याची ती खूण त्याला नको होती. भारतीय चित्रकलेच्या इतिहासाने त्याला 'चित्तप्रसाद' या एकाच नावाने ओळखले.

त्या दौऱ्याचा वृत्तान्त आणि रेखाटने मिळून 'हंग्री बेंगॉल' नावाची एक छोटेखानी इंग्रजी पुस्तिका तयार झाली. ब्रिटिश सरकारने तिच्या पाच हजार प्रती जप्त केल्या आणि जाळून टाकल्या. एक प्रत मात्र वाचली. तिची हकीकत पुढे येईलच.

सरकारला या पुस्तिकेची एवढी धास्ती का वाटावी, हा प्रश्न आज विचारण्यासारखा आहे. बंगालमधल्या दुष्काळाची छायाचित्रे तोवर प्रसिद्ध झालेली होती. कलकत्त्याच्या 'स्टेट्समन'ने, म्हणजे इंग्रजांच्याच मालकीच्या वृत्तपत्राने, २२ ऑगस्ट १९४३ रोजी महानगराच्या पदपथांवर मरून पडलेल्या माणसांची छायाचित्रे छापली होती आणि त्यांचा बोभाटा लंडन-दिल्लीपर्यंत झाला होता. मग काळ्या शाईत काढलेल्या काही आकृतींनी त्यात आणखी कोणती भर घातली? चित्तप्रसाद यांची रेखाटने केवळ चित्र म्हणून पाहिली तर या प्रश्नाचे उत्तर सापडत नाही. ती ज्या समाजस्थितीतून आली तिच्या शेजारी ठेवून पाहिली, की ते हळूहळू उलगडू लागते.

चित्तप्रसाद यांचा जन्म २१ जून १९१५ रोजी नैहाटी येथला. शिक्षण चितगावच्या सरकारी महाविद्यालयात झाले. चितगाव हे त्या काळी साधे गाव नव्हते. १९३० साली सूर्य सेन आणि त्यांच्या साथीदारांनी तेथील शस्त्रागारावर धाड घातली होती आणि त्यानंतरची कित्येक वर्षे पोलिसी बंदोबस्त, झडत्या आणि फाशीच्या शिक्षा यांची छाया त्या शहरावर होती. अशा वातावरणात वाढलेला, वाचणारा, गाणी रचणारा हा विद्यार्थी तिसाव्या दशकाच्या अखेरीस कम्युनिस्ट चळवळीकडे ओढला गेला. चित्रकलेचे रीतसर शिक्षण त्यांनी कधी घेतले नाही. शेतकरी सभांसाठी भित्तिपत्रके रंगवावीत, हाताने लिहिलेल्या फलकांवर चित्रे काढावीत, अशा कामांतून त्यांचा हात तयार झाला. बंगालच्या लोकचित्रांतली जाड, निःशंक रेषा त्यांच्या नजरेत भरलेली होती. दूरवरून पाहणाऱ्याला, अक्षरओळख नसलेल्या माणसालाही कळले पाहिजे, ही भित्तिपत्रकाची अट त्यांच्या पुढच्या साऱ्या कामात टिकून राहिली.

पक्षाचे सरचिटणीस पी. सी. जोशी यांना माणसे हेरण्याची दृष्टी होती. छायाचित्रकार सुनील जाना आणि चित्रकार चित्तप्रसाद या दोन तरुणांना त्यांनी पक्षाच्या प्रचारकार्यात ओढले. 'पीपल्स वॉर' हे पक्षाचे इंग्रजी साप्ताहिक मुंबईहून निघे. बंगालमधून आलेली या दोघांची चित्रे आणि छायाचित्रे या साप्ताहिकातून देशभर पोहोचू लागली. मुंबईच्या कामगार वस्तीला बंगालचा दुष्काळ त्या दिवसांत परका नव्हता. अण्णाभाऊ साठे यांनी 'बंगालची हाक' हा पोवाडा रचला तो याच काळात. १९४३च्या मे महिन्यात मुंबईतच स्थापन झालेल्या 'इप्टा' या जननाट्य संघाच्या कलावंतांनी गाणी आणि नाट्यप्रवेश सादर करीत दुष्काळग्रस्तांसाठी निधी गोळा केला.

आता त्या दुष्काळाकडे वळले पाहिजे, कारण चित्तप्रसाद यांच्या आकृतींचा सांगाडा तेथेच घडला आहे. १९४२च्या मार्चमध्ये रंगून जपान्यांच्या हाती पडले आणि ब्रह्मदेशातून येणारा तांदूळ थांबला. शत्रू किनाऱ्यावर उतरला तर त्याच्या हाती काही लागू नये म्हणून सरकारने बंगालच्या किनारी जिल्ह्यांतून जादा ठरवलेला तांदूळ उचलला आणि दहापेक्षा अधिक माणसे बसतील अशा होड्या काढून घेतल्या. नद्या आणि खाड्यांच्या त्या मुलखात होडी म्हणजे रस्ता, बाजार आणि मासेमारी हे सारे एकदम. तिच्यासोबत कोळी, नावाडी, कुंभार अशा कितीतरी जणांची भाकरी गेली. त्यातच १६ ऑक्टोबर १९४२ रोजी मिदनापूरवर चक्रीवादळ कोसळले. दुष्काळ चौकशी आयोगाने पुढे नोंदवल्याप्रमाणे त्यात सुमारे साडेचौदा हजार माणसे आणि एक लाख नव्वद हजार गुरे दगावली. युद्धाच्या नावाखाली या वादळाची बातमीसुद्धा काही काळ दाबून ठेवण्यात आली.

मिदनापूरवर सरकारचा राग आणखी एका कारणाने होता. 'छोडो भारत' चळवळीत हा जिल्हा पेटून उठला होता. २९ सप्टेंबर १९४२ रोजी तामलुकमध्ये मातंगिनी हाजरा या वृद्धेला पोलिसांच्या गोळ्यांनी टिपले होते आणि डिसेंबरात तेथे समांतर सरकारच स्थापन झाले होते. साताऱ्याचे प्रतिसरकार ज्यांना ठाऊक आहे त्यांना या प्रकाराची कल्पना सहज यावी.

भावांचे आकडे पाहिले की पुढचा प्रकार ध्यानात येतो. कलकत्त्याच्या घाऊक बाजारात डिसेंबर १९४२मध्ये तांदळाचा भाव मणाला तेरा-चौदा रुपये होता; १९४३च्या मेअखेर तो तिसाच्या वर गेला. शेतमजुराची मजुरी मात्र जवळपास जागच्या जागी होती. धान्याचा खराखुरा तुटवडा नाही, असे प्रांतिक सरकारचे मंत्री त्याच उन्हाळ्यात सांगत होते. माणसांनी आधी भांडी विकली, मग घराचे पत्रे आणि दारे, मग गुरे, शेवटी जमीन. लाखो कुटुंबांच्या जमिनी त्या वर्षभरात विकल्या वा गहाण पडल्या. दुष्काळ संहितेखाली दुष्काळ जाहीर करण्याचे सरकारने अखेरपर्यंत टाळले. मृतांचा आकडा चौकशी आयोगाने पंधरा लाख धरला. नंतरच्या अभ्यासकांचे अंदाज वीस ते तीस लाखांच्या दरम्यान आहेत.

चित्तप्रसाद मिदनापुरात पोहोचले तेव्हा नोव्हेंबर चालू होता, ही बाब महत्त्वाची आहे. बंगालमधले मुख्य भातपीक याच सुमारास कापणीला येते, आणि १९४३ सालचे पीक भरघोस होते. म्हणजे शेते भाताने पिकत होती आणि त्यांच्या बांधांवर माणसे मरत होती. मृत्यूंची संख्या तर डिसेंबरात शिगेला पोहोचली. उपासाने खंगलेल्या शरीरांत हिवताप आणि पटकी शिरली होती. कलकत्त्याच्या पदपथावरचे छायाचित्र पाहणाऱ्याला हा विरोधाभास दिसणे शक्य नव्हते. शहरात आलेला भुकेला हा शहराच्या दृष्टीने केवळ भिकारी होता. ऑक्टोबर १९४३मध्ये सरकारने वटहुकूम काढून अशा निराधारांना शहराबाहेर हलवायला सुरुवात केली, तीही त्याच भावनेने. नजरेआड केले की प्रश्न निम्मा मिटतो, ही राज्यकर्त्यांची समजूत जुनीच आहे.

या पार्श्वभूमीवर चित्तप्रसाद यांची रेखाटने उघडावीत. कुंचल्याच्या जाड काळ्या रेषा, मधे कागदाची भरपूर पांढरी जागा. गुडघे, कोपर, खांदे हे सांधे नजरेत भरतील एवढे ठसठशीत. फासळ्या एकेक मोजाव्यात अशा. शरीराच्या मानाने डोके मोठे, डोळ्यांच्या जागी काळोखी खोबणी. युरोपातील अभिव्यक्तिवादी चित्रकारांशी परिचय असलेल्या प्रेक्षकाला ही मानवाकृतीची हेतुपुरस्सर केलेली मोडतोड वाटेल. जर्मनीच्या केटे कोलवित्झ आणि चीनमधले क्रांतिकारी काष्ठठसे यांच्याशी समीक्षक या चित्रांचे नाते जोडतात, तेही रास्त आहे. पण मिदनापूरची ती मोडतोड चित्रकाराच्या कल्पनेत झालेली नव्हती. महिनोन्‌महिने अन्न न मिळालेल्या शरीरातले मांस झडते आणि सांधे वर येतात, मुलाचे डोके त्याच्या धडापेक्षा मोठे दिसू लागते. चित्तप्रसाद यांनी जे काढले ते बहुतांशी जसे दिसले तसेच होते. आधुनिक चित्रकलेची भाषा त्यांनी हाती घेतली, कारण दिसणाऱ्या वस्तुस्थितीला गुळगुळीत शास्त्रशुद्ध रेखाटनाची भाषा पुरी पडत नव्हती.

या रेषेला आणखी एक अगदी व्यावहारिक कारण होते. ही चित्रे प्रदर्शनाच्या भिंतीसाठी काढलेली नव्हती. ती युद्धकाळातल्या हलक्या वृत्तपत्री कागदावर जस्ताच्या ब्लॉकवरून छापली जाणार होती. अशा छपाईत नाजूक छटा टिकत नाहीत, सगळे करडे होऊन जाते. जाड काळी रेष मात्र तगते. त्या काळात वृत्तपत्राच्या छापखान्यात काम केलेल्या कुणालाही हे सांगावे लागले नसते.

याच दुष्काळाची चित्रे काढणारे दुसरे मोठे चित्रकार म्हणजे जैनुल आबेदीन. त्यांच्या रेखाटनांत कलकत्त्याचे रस्ते आहेत, कचऱ्याच्या कुंडीभोवती एकवटलेली माणसे आणि कावळे आहेत. चित्रकार म्हणून आबेदीन यांचा हात अधिक तयार, हे मान्य करण्यात चित्तप्रसाद यांचा कमीपणा नाही. पण आबेदीन यांची माणसे अनामिक आहेत. ती सबंध मानवजातीच्या दुःखाची प्रतिमा होऊन राहतात. चित्तप्रसाद यांच्या अनेक चित्रांखाली मात्र नाव येते, गाव येते आणि हकीकत येते. अमुक गावचा अमुक शेतकरी, इतकी माणसे घरात होती, इतकी उरली. चित्राखालची ती ओळ हा चित्राचाच भाग आहे. ती पुसली तर चित्र निम्मे होते. अनामिक भुकेल्याविषयी कळवळा वाटतो आणि तो तेथेच थांबतो. नाव-गाव असलेल्या भुकेल्याची जमीन कुणीतरी विकत घेतलेली असते, त्याची होडी कुणीतरी नेलेली असते, त्याच्या गावचे धान्य कुणीतरी कोठारात ठेवलेले असते. वाचकाचे मन आपोआप त्या 'कुणीतरी'कडे वळते. सरकारला पुस्तिकेची धास्ती वाटली ती बहुधा येथे. अन्न होते, ते विकत घेण्याची ऐपत ठरावीक वर्गांची संपली होती, हे अमर्त्य सेन यांनी १९८१ साली ग्रंथरूपाने मांडले. चित्तप्रसाद अर्थशास्त्रज्ञ नव्हते. पण त्यांनी टिपलेल्या हकीकतींत शेतमजूर, कोळी आणि अल्पभूधारक ज्या क्रमाने भेटतात, तो क्रम सेन यांच्या प्रतिपादनाशी जुळतो.

येथे एक अडचणीची गोष्टही सांगितली पाहिजे. हिटलरने रशियावर हल्ला केल्यानंतर भारतीय कम्युनिस्ट पक्षाने युद्धाला लोकयुद्ध म्हटले होते आणि 'छोडो भारत' चळवळीपासून तो दूर राहिला होता. १९४२मध्ये पक्षावरची बंदी उठली ती त्यामुळेच. परिणामी पक्षाच्या साप्ताहिकाचा रोख साठेबाज आणि जपानी आक्रमण यांच्यावर अधिक असे. सरकारवरची टीका बेताने केली जाई. ज्या मिदनापूरने चळवळीत रक्त सांडले त्याच मिदनापुरात, तिच्यापासून दूर राहिलेल्या पक्षाचा हा चित्रकार फिरत होता. त्याच्या मनात यावरून काय चालले असेल ते असो, त्याच्या रेषेला पक्षाचा तो बेत पाळता आला नाही. युद्धप्रयत्नांना पाठिंबा देणाऱ्या पक्षाच्या माणसाचे पुस्तक त्याच सरकारने जाळावे, यातच सारे आले.

याच काळात चितगावातील सोमनाथ होर या तरुणाला चित्तप्रसाद यांनी रस्त्यांवर आणि इस्पितळांत नेऊन भुकेल्यांची चित्रे काढायला लावले. होर यांची पुढे सत्तरच्या दशकात गाजलेली, पांढऱ्यावर पांढरे व्रण उमटवणारी चित्रमालिका पाहताना तिची पहिली जखम कुठली, हे विसरता येत नाही.

१९४६ साली चित्तप्रसाद मुंबईत स्थायिक झाले. त्या फेब्रुवारीतला नौसैनिकांचा उठाव, कामगारांचे मोर्चे, शेतकऱ्यांचे लढे हे सारे त्यांच्या चित्रांत उतरले. पण १९४८च्या कलकत्ता अधिवेशनात पी. सी. जोशी यांची उचलबांगडी झाली, बी. टी. रणदिवे यांच्या हाती सूत्रे आली आणि पक्षाने सशस्त्र लढ्याचा मार्ग धरला. जोशींच्या काळात कलावंतांना मिळालेला जिव्हाळा संपला. चित्तप्रसाद पक्षापासून दूर झाले. पक्ष सोडलेले कितीतरी कलावंत याच शहरात चित्रपटसृष्टीच्या आसऱ्याने सावरले. चित्तप्रसाद यांना तो मार्ग मानवला नाही आणि चित्रांच्या बाजारात उभे राहणेही जमले नाही. चित्रकला श्रीमंताच्या दिवाणखान्यात अडकून पडू नये, या एका आग्रहापायी त्यांनी लिनोलियमच्या तुकड्यांवर कोरून ठसे काढण्याचे माध्यम धरले. एका ठशावरून कितीही प्रती निघतात आणि गरिबालाही परवडतात, हा त्यामागचा हिशेब. अंधेरीतल्या लहानशा जागेत, कायमच्या ओढगस्तीत, त्यांनी पुढची तीन दशके काढली. चित्रे विकली जात ती प्रामुख्याने परदेशी स्नेह्यांमुळे, त्यातही झेक मित्रांमुळे. प्रागच्या राष्ट्रीय कलादालनात त्यांची चित्रे गेली ती त्यातूनच.

या काळातली त्यांची चित्रे दुष्काळाच्या चित्रांपेक्षा मवाळ वाटतात. लेकराला कुशीत घेतलेली आई, नांगर धरलेला शेतकरी, प्रेमी युगुले, रामायणातले प्रसंग. काही समीक्षकांना त्यांत जुनी धार बोथट झाल्यासारखी वाटते आणि ते सर्वस्वी चूक नाही. काही ठसे शोभिवंत होऊन बसले आहेत. परंतु बालमजुरांवरील चित्रमालिका या आक्षेपाला पुरून उरते. पन्नाशीच्या दशकाच्या प्रारंभी कोरलेल्या या चित्रांत हमाली करणारी, बूट पुसणारी, रस्त्यावर झोपणारी मुले आहेत. त्यांची पाठ वाकलेली आहे, चेहरा प्रौढ माणसाचा आहे. 'परीकथा नसलेले देवदूत' अशा अर्थाचे नाव असलेली ही मालिका युनिसेफच्या डेन्मार्कमधील समितीने १९६९ साली पुस्तकरूपाने काढली. मिदनापूरचे मोठे डोके आणि काटकुळे हातपाय येथे पुन्हा भेटतात. फरक इतकाच, की या खेपेस राज्य इंग्रजांचे नव्हते.

आसपासच्या मुलांसाठी त्यांनी 'खेलाघर' नावाचा कळसूत्री बाहुल्यांचा खेळही उभा केला. एका झेक स्नेह्याच्या सहवासात त्यांना बाहुल्यांचा नाद लागला होता. बाहुल्या स्वतः घडवायच्या, गोष्टी स्वतः रचायच्या आणि झोपडपट्टीतल्या मुलांना त्या दाखवायच्या, असा तो उद्योग. पैसा त्यातून मिळण्याचा प्रश्नच नव्हता. प्रकृती ढासळत गेली, तसतसे हेही बंद पडले. अखेरीस ते बंगालला परतले आणि १३ नोव्हेंबर १९७८ रोजी कलकत्त्यात त्यांचे निधन झाले. त्या वेळी मुंबईच्या कलाजगतात त्यांची फारशी कुणाला आठवण उरलेली नव्हती.

'हंग्री बेंगॉल'ची जी एक प्रत जाळातून वाचली होती, ती कुटुंबीयांनी बँकेच्या तिजोरीत जपून ठेवली होती. २०११ साली दिल्लीतील एका कलादालनाने चित्तप्रसाद यांचे सिंहावलोकनी प्रदर्शन भरवले, तेव्हा त्या प्रतीवरून पुस्तिकेची हुबेहूब आवृत्ती छापण्यात आली. अडुसष्ट वर्षांपूर्वी मिदनापूरच्या गावांत टिपलेली ती नावे आणि गावे त्या आवृत्तीत चित्रांच्या सोबत पुन्हा छापली गेली.